वेशीवरची बातमी : बार्शीकडून पाहिलेला पत्रकार

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपण वाङ्मयाच्या वर्गात शिकतो आणि वाङ्मयाच्याच वर्गात शिकवतो. त्यामुळे या इतिहासात आपल्याला निबंधकार दिसतात, बातमीदार दिसत नाहीत. 'दर्पण' म्हटले की बाळशास्त्री जांभेकरांची ज्ञानप्रसाराची तळमळ आठवते, 'केसरी' म्हटले की टिळकांचे अग्रलेख, 'सुधारक' म्हटले की आगरकरांचा बुद्धिवाद आणि 'काळ' म्हटले की शिवरामपंत परांजप्यांची वक्रोक्ती. हे लेखन पुढे पुस्तकरूपाने निघाले, निबंध म्हणून अभ्यासक्रमाला लागले आणि त्यावर प्रबंध झाले. त्याच कागदावर, त्याच दिवशी, शेजारच्या स्तंभात जे छापले गेले होते, म्हणजे कुठल्या तालुक्यात पाऊस नाही, ज्वारीचा भाव काय झाला, कोणावर खटला भरला, कुठे पटकीची साथ आहे, ते मात्र रद्दीत गेले. वृत्तपत्रातील वृत्त गाळून उरलेल्या पत्राचा इतिहास आपण लिहिला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

पत्रकाराची समाजातील भूमिका या विषयावर दरवर्षी ६ जानेवारीला, 'दर्पण'च्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पत्रकार दिनी, गावोगावी भाषणे होतात. 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' हा शब्दप्रयोग तेथे हटकून येतो. या रूपकात पत्रकार आणि सत्ता यांचा संबंध सांगितलेला आहे आणि तो खराही आहे. पण पत्रकाराचा आणखी एक संबंध असतो, तो त्याच्या स्वतःच्या वाचकाशी. सत्तेला नको असलेली बातमी देणारा संपादक वाचकाच्या खांद्यावर बसून मिरवला जाऊ शकतो. वाचकालाच नको असलेली बातमी जो देतो त्याला मिरवायला कोणी येत नाही. आमच्या मते पत्रकाराच्या भूमिकेची खरी कसोटी या दुसऱ्या ठिकाणी लागते. ती कशी लागते हे पुण्या-मुंबईपेक्षा एखाद्या तालुक्याच्या गावाकडून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसते, आणि त्यासाठी आम्ही सोलापूर जिल्ह्यातील बार्शी निवडली आहे.

बार्शी निवडण्याचे कारण तिच्या भूगोलात आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांच्या कडेला वसलेली ही बाजारपेठ इंग्रजी अमलाच्या काळात मुंबई इलाख्याच्या अगदी टोकाला होती. तालुक्याची उत्तर आणि पूर्व सीमा ओलांडली की निजामाचे राज्य सुरू होई. त्या मुलखाला या भागातील लोक 'मोगलाई' म्हणत. पलीकडचा कापूस, ज्वारी आणि गळिताचे धान्य बार्शीच्या पेठेत येई. अलीकडचे कापड आणि मीठ पलीकडे जाई. पंढरपूरची एकादशी करून द्वादशीला भगवंताच्या दर्शनासाठी बार्शीला येणारा वारकरी दोन्ही राज्यांतला असे. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या कंपनीची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीजवळच्या मुख्य लोहमार्गापासून बार्शीपर्यंत धावू लागली आणि १९११ पर्यंत ती निजामाच्या मुलखातील लातूरला जाऊन पोहोचली. जिथे माल पोहोचतो तिथे वार्ताही पोहोचते. दोन राज्ये, दोन कायदे आणि एकच भाषा अशा ठिकाणी वेशीवर बसलेल्या गावाला पलीकडचे बरेच ऐकू येते. ऐकू आलेल्यातले किती सांगायचे, हा प्रश्नही अशाच गावाला पडतो.

वृत्तपत्रांपूर्वीही बातमी होतीच. मराठेशाहीत बातमी राखणे हा राज्यकारभाराचा भाग होता. वाकनीस होते, जासूद आणि हरकारे होते, दिल्लीच्या दरबारातून पेशव्यांना अखबार पाठवणारे हिंगण्यांसारखे वकील होते. 'बातमीदार' या शब्दाला तेव्हा हेराचा वास होता. ही सारी बातमी एकाच दिशेने वाहत असे, प्रजेकडून वा परमुलखातून राजाकडे. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'ने ही दिशा बदलली. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी अशी त्याची मांडणी होती. राज्यकर्त्यांना लोकांचे कळावे आणि लोकांना जगाचे कळावे असे दुहेरी प्रयोजन त्या मांडणीतच दिसते. तथापि मुंबईत छापलेले हे पत्र वाचणारा वर्ग लहान होता, आणि बालाघाटाच्या कडेला काय चालले आहे हे त्यात यावे अशी सोयही नव्हती. ती सोय पुढे दुष्काळाने करून दिली.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनचे जे जिल्हे होरपळले त्यांत सोलापूर अग्रभागी होता. सरकारचे म्हणणे सरकारी अहवालांतून प्रसिद्ध होत होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळीने, निराळाच उद्योग केला. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून माहिती मागवली आणि ती दुष्काळाची वृत्ते म्हणून क्रमाने सरकारपुढे आणि जनतेपुढे ठेवली. पीक किती बुडाले, गुरे कुठे गेली, गावे किती ओस पडली, दुष्काळी कामांवर मजुरी काय मिळते, याचे ते तपशील होते. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा इथपर्यंत खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील कामांवरच्या मजुरांनी काम सोडून तिला विरोध केला. त्या विरोधामागची उपासमार आकड्यांनिशी मांडण्याचे काम सभेच्या या वार्तापत्रांनी केले. ती लिहिणारी माणसे पत्रकार म्हणवत नव्हती. आपल्या तालुक्यात हिंडून पाहिले ते त्यांनी लिहून पाठवले. ग्रामीण महाराष्ट्रातील बातमीदारीचा आरंभ शोधायचा असेल तर तो आम्ही येथे शोधू. त्या लेखनात अलंकार नाहीत, म्हणूनच बहुधा वाङ्मयाच्या इतिहासात ते नाही.

वीस वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, पुन्हा दुष्काळ पडला. 'केसरी'ने या वेळी दुष्काळी कायद्याने शेतकऱ्याला कोणते हक्क दिले आहेत हे सोप्या मराठीत समजावून सांगण्याची मोहीम घेतली. सोलापूर आणि नगर येथील विणकरांची उपासमार सुरू झाली तेव्हा टिळक स्वतः तेथे गेले आणि स्थानिक मंडळींच्या साहाय्याने विणकरांना काम देण्याची योजना त्यांनी सरकारपुढे मांडली. ती सरकारने स्वीकारली नाही. सिंहगर्जना करणाऱ्या अग्रलेखकाच्या प्रतिमेत हे टिळक बसत नाहीत, कारण येथे ते माहिती गोळा करणाऱ्याची भूमिका करीत आहेत. आमच्या दृष्टीने त्यांच्या पत्रकारितेचे हे अंग त्यांच्या गाजलेल्या मथळ्यांइतकेच मोलाचे आहे. कायद्याने काय मिळते हे ठाऊक नसलेल्या माणसाला ते सांगणे ही साधी गोष्ट आहे आणि सरकारला तीच सर्वांत अधिक झोंबते.

एव्हाना जिल्ह्याच्या ठिकाणीही पत्रे निघू लागली होती. सोलापूरचे 'कल्पतरु' एकोणिसाव्या शतकातलेच. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवलेले 'दीनबंधु' शेतकऱ्याची आणि गिरणी कामगाराची बातमी देत होते. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढले. ज्यांची बातमीच होत नाही त्यांनी आपले पत्र काढावे लागते, हा त्या नावाचाच अर्थ. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'दीनबंधु' वा 'मूकनायक' यांचा झगडा केवळ परक्या सरकारशी नव्हता. मराठी वाचणाऱ्या समाजाने आपल्याच शेजाऱ्याविषयी जे ऐकायचे टाळले होते ते त्यांना ऐकवायचे होते. आगरकरांनाही हाच अनुभव आला. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीत त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी सरकारविरुद्ध लिहिले म्हणून नव्हे.

१९३० च्या मे महिन्यात सोलापुरात जे घडले ते सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, शहर रस्त्यावर उतरले, ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पोलीस चौकी पेटली, दोन पोलीस मारले गेले. अधिकाऱ्यांचा अंमल उडाला आणि काही दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. १२ मेला लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत टिकला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हुतात्म्यांचे पुतळे आपण पाहतो, त्यांच्या पुण्यतिथ्या पाळतो. पण या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते, 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत होते, हे आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासात क्वचितच येते. गझनफर म्हणजे सिंह. हिंदू-मुसलमान ऐक्य आणि गिरणी कामगारांचे प्रश्न हा या तरुण माणसाचा विषय होता. त्याच सुमारास 'कर्मयोगी' या पत्राचे रामभाऊ राजवाडे यांना लष्करी कायद्याखाली दीर्घ मुदतीच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

लष्करी कायद्याच्या मुळाशी बातमीवरचा ताबा असतो. सोलापुरात त्या चार दिवसांत अराजक माजले होते की लोकांनी आपली व्यवस्था आपण पाहिली, या एका वस्तुस्थितीच्या प्रश्नावर पुढचे सारे खटले आणि फाशी उभी होती. शहराबाहेर जी हकीकत गेली ती प्रामुख्याने अधिकाऱ्यांची. दुसरी हकीकत सांगू शकणारी माणसे गजाआड होती. म्हणूनच 'गझनफर' आणि 'कर्मयोगी' यांची आठवण निव्वळ देशभक्तीच्या खात्यावर जमा करून चालणार नाही. ही दोन्ही पत्रे जिल्ह्याच्या गावातली होती. त्यांना मुंबईतल्या मोठ्या वकिलांचे वा भांडवलाचे छत्र नव्हते, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे ते अधिकारी हाकेच्या अंतरावर होते. लहान गावातल्या पत्रकाराचे धाडस मोजताना हे अंतर मोजले पाहिजे.

याच पिढीत बार्शीने महाराष्ट्राला एक निराळा बातमीदार दिला. मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, यांचा जन्म १९१६ साली बार्शीचा. ओव्या आणि लोकगीते त्यांना आईकडून मिळाली. गिरणीतले काम आणि कामगारांचा लढा बार्शीत मिळाला. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथकात उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज सभा सुरू होण्यापूर्वीच सभा जिंकत असे, असे त्या काळचे लोक सांगतात. १९६९ साली अपघातात त्यांचा अंत झाला.

आपण अमर शेखांना लोकवाङ्मयाच्या प्रकरणात ठेवतो, पत्रकारितेच्या नाही. वस्तुतः त्यांनी 'युगदीप' आणि 'वक्त की आवाज' ही नियतकालिकेही चालवली. पण आमचा मुद्दा त्याहून मूलभूत आहे. ज्या समाजात बहुसंख्य माणसांना वाचता येत नव्हते त्या समाजात छापील बातमी ओट्यावर वाचून दाखवली जाई किंवा फडावर गायली जाई. १९४३ चा बंगालचा दुष्काळ महाराष्ट्रातील कामगार वस्तीत पोहोचला तो मोठ्या प्रमाणात शाहिरांच्या कवनांतून. अण्णा भाऊंचा 'बंगालची हाक' हा पोवाडा त्यांतलाच. अण्णा भाऊ पक्षाच्या 'लोकयुद्ध' पत्रासाठी वार्ताहर म्हणूनही लिहीत होते. वार्ताहर आणि शाहीर या दोन भूमिका एकाच माणसात अशा सहज नांदत होत्या. पोवाडा हा वीररसाचा प्रकार म्हणून आपण शिकवतो. त्यात दिवस, ठिकाण, माणसे आणि घटनेचा क्रम किती काटेकोरपणे सांगितलेला असतो याकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. अर्थात शाहिराला एक मर्यादा होती. समोरच्या जमावाला चेतवणे हे त्याचे काम होते, आणि चेतलेल्या जमावाला त्याच्याच विरुद्ध जाणारी वार्ता ऐकवणे डफाला अवघड असते. ते काम छापील कागदाचे होते. १९४८ साली त्या कामाची परीक्षा झाली, तीही बार्शीच्या वेशीवर.

निजामाच्या राज्यात मराठी पत्राची स्थिती बिकट होती. सभाबंदीची 'गश्ती निशाण ५३' आणि बाहेरच्या वृत्तपत्रांवरील बंदी यांमुळे मराठवाड्याच्या बातम्या मराठवाड्यात छापणे जवळजवळ अशक्य होते. आ. कृ. वाघमारे यांनी एकोणीसशे तीसच्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या 'मराठवाडा' या पत्राला म्हणूनच इंग्रजी मुलखाचा आधार घ्यावा लागला. बंदी आली की नाव बदलून निघावे लागले. १९४७-४८ मध्ये रझाकारांचे अत्याचार वाढले तेव्हा सरहद्दीपलीकडून कुटुंबेच्या कुटुंबे सोलापूर जिल्ह्यातील गावांच्या आश्रयाला आली आणि सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. पलीकडे काय चालले आहे हे सांगणारी माणसे आता बार्शीच्या दारात होती. जाळपोळ, लुटालूट, हत्या यांच्या त्या हकीकती छापल्या गेल्या, छापल्या जाणे आवश्यकच होते.

त्याच वेळी प्रत्यक्ष हैदराबादेत शोएबुल्ला खान हा तरुण संपादक 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवत होता. संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांना आवर घालावा असे तो लिहीत होता. त्याचा वाचक उर्दू वाचणारा होता, आणि त्याच वाचकांच्या नावाने रझाकार बोलत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री घरी परतताना त्याच्यावर हल्ला झाला. त्याचा हात तोडण्यात आला आणि त्याला ठार मारण्यात आले. लिहिणाऱ्याचा हात तोडण्यामागचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. शोएबुल्ला खानाने दिलेली वार्ता आपल्याच माणसांना नको असलेली होती, आणि तिची किंमत त्याने आपल्याच शहराच्या रस्त्यावर मोजली.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली. भारतीय सैन्याची मुख्य चढाई सोलापूरच्या बाजूने होती. संस्थान मुक्त झाले, आणि ते व्हायलाच हवे होते याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मोगलाईच्या गावांत सूड घेतला गेला. रझाकार पळाले वा पकडले गेले. मारली गेली ती बहुतांशी ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशी सामान्य मुसलमान माणसे. केंद्र सरकारने चौकशीसाठी एक सद्भावना मंडळ पाठवले. त्याने नोव्हेंबर आणि डिसेंबर १९४८ मध्ये प्रवास केला. प्राणहानीचा त्यांचा सावध अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे, म्हणजे बार्शीला लागून असलेल्या आजच्या धाराशिवचे, नाव घेतले. रझाकारांनी आधी हिंदूंवर केलेले अत्याचार अहवालाने लपवले नाहीत, आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंद करायलाही तो विसरला नाही.

या मंडळातील दोन प्रमुख माणसे पत्रकार होती, हे फारसे सांगितले जात नाही. पंडित सुंदरलाल यांनी तरुणपणी अलाहाबादेहून हिंदी साप्ताहिक चालवले होते. योगायोगाने त्याचेही नाव 'कर्मयोगी'च. इंग्रजी राजवटीवरील त्यांचा ग्रंथ सरकारने जप्त केला होता. काझी अब्दुल गफ्फार हे हैदराबादच्या 'पयाम' या उर्दू पत्राचे संपादक आणि नामवंत लेखक. गावोगाव जाऊन विचारणे, मोजणे आणि लिहिणे हे जुन्या सार्वजनिक सभेच्या माणसांचेच काम त्यांनी केले. फरक इतकाच की सभेची वृत्ते छापली गेली आणि यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातले भाग लोकांसमोर येण्यास काही दशके जावी लागली.

सरकारने अहवाल दडवला, हे एक. पण बातमी दडण्यास सरकार एकटे पुरे पडत नाही. सप्टेंबरपूर्वीच्या हकीकती वेशीवरून अलीकडे आल्या, सप्टेंबरनंतरच्याही आल्याच असणार. तीच पेठ होती, तीच रेल्वे होती, तेच नातेगोते होते. पहिल्या हकीकतींना मराठी वाचकाच्या मनात जागा होती, दुसऱ्यांना नव्हती. मुक्तिसंग्रामाची आमची पुस्तके, आत्मचरित्रे, गौरवग्रंथ चाळावेत. रझाकारांच्या पर्वाला पानेच्या पाने असतात आणि त्यानंतरच्या आठवड्यांना बहुधा एखादे वाक्य. हे वाक्यही पुष्कळदा 'काही अनुचित प्रकार' अशा शब्दांत उरकलेले असते. मुक्तिसंग्रामाचे मोल या मौनाने वाढत नाही. उलट, ज्या मूल्यांसाठी तो लढला गेला त्यांची नोंद अपुरी राहते. पुढच्या पिढीला ही गोष्ट बाहेरच्या अभ्यासकांकडून कळली, आणि कळली तेव्हा ती आरोपासारखी ऐकू आली. वेळेवर, आपल्या भाषेत, आपल्याच माणसाने सांगितली असती तर ती शोकासारखी ऐकू आली असती.

आजच्या तालुक्याच्या बातमीदाराकडे या इतिहासावरून पाहावे असे आम्हाला वाटते. स्वातंत्र्यानंतर जिल्हा दैनिके वाढली. सोलापुरात रंगाअण्णा वैद्य यांच्या 'संचार'सारख्या पत्रांनी गावोगावची बातमी आपली मानली, आणि पुढे मोठ्या साखळी वृत्तपत्रांनी जिल्हा आवृत्त्या व तालुका पुरवण्या काढल्या. बातमी जवळ आली. परंतु ती आणणारा माणूस बहुतेक ठिकाणी पगारी नोकर नसतो. त्याला तुटपुंजे मानधन असते आणि त्याची खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर असते. वाढदिवसाच्या, अभिनंदनाच्या, दिवाळीच्या ज्या जाहिराती तो ज्यांच्याकडून गोळा करतो तेच बाजार समितीत, नगरपालिकेत, साखर कारखान्यात आणि शिक्षणसंस्थेत बसलेले असतात. म्हणजे त्याच्या बातमीचा विषय आणि त्याचा उदरनिर्वाह एकाच खुर्चीवर बसलेले असतात. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला, पण त्याची सावली या माणसापर्यंत क्वचितच पोहोचली.

वरच्या मजल्यावर काय चालले होते हे २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर उघड झाले. पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत शब्दन् शब्द सारखे असलेले स्तुतिलेख वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने छापले गेल्याचे दाखवले. भारतीय वृत्तपत्र परिषदेने चौकशीसाठी नेमलेल्या द्विसदस्य समितीने सविस्तर अहवाल दिला. परिषदेने २०१० साली त्याची संक्षिप्त आवृत्ती तेवढी स्वीकारली. मूळ अहवाल खुला झाला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. १९४८ चा अहवाल सरकारने दडवला होता. हा अहवाल पत्रसृष्टीच्याच संस्थेने बाजूला ठेवला. या दोन घटनांचे वजन सारखे नाही, परंतु आपल्या माणसांविषयीची अप्रिय वार्ता मागे ठेवण्याची वृत्ती एकच आहे.

आणि तरीही लहान गावातला बातमीदार लिहितो. कोकणात राजापूरचे शशिकांत वारिशे जमीन आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी बातम्या देत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका बातमीनंतर त्यांच्या दुचाकीला मोटारीची धडक बसली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्याबद्दल खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ सालीच संमत केला होता. कायदा हवा, त्याची अंमलबजावणीही हवी. मात्र कायदा पत्रकाराला मारणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो. गावाने त्याच्याकडे पाठ फिरवू नये, ही तरतूद कोणत्याही कायद्यात करता येत नाही. जातीच्या, पक्षाच्या वा गावाच्या अभिमानाला धक्का देणारी बातमी दिली की ज्या वाचकाच्या भल्यासाठी ती दिली तोच 'याला कोणी पैसे दिले' असे विचारतो. भ्रमणध्वनीवरच्या गटांत आता प्रत्येक जण बातमी पुढे ढकलतो, आणि ती पुढे ढकलण्यापूर्वी ती आपल्या मनासारखी आहे एवढेच पाहतो. पत्रकार आणि वार्ता पसरवणारा यांतला भेद उरला असेल तर तो इथेच आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकरणात काय करावे? आमची सूचना साधी आहे. तालुक्याच्या जुन्या वाचनालयांत, छापखान्यांच्या माळ्यावर आणि जुन्या संपादकांच्या घरी स्थानिक साप्ताहिकांच्या फायली अजून शिल्लक असतील. त्या वाळवीच्या आधी आपल्या हाती लागल्या पाहिजेत. प्रबंधासाठी अग्रलेख निवडताना त्याच अंकातल्या बातम्याही वाचाव्यात. आणि छापलेले वाचून झाले की त्या आठवड्यात परिसरात काय घडले होते आणि त्यातले काय छापले गेले नाही, याची यादी करावी. बार्शीपासून मोगलाईची हद्द फार दूर नव्हती. सप्टेंबर १९४८ च्या शेवटच्या आठवड्यातला या भागातला एखादा अंक कोणाच्या हाती लागला, तर त्याच्या आतल्या पानापासून वाचायला सुरुवात करावी.